झिजलेला गुडघा आणि मूलपेशींचे इंजेक्शन
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कृषिविद्या शिकवतो, वैद्यकशास्त्र नव्हे. पण मेळाव्यात पिकांचे प्रश्न संपले की कोणीतरी गुडघ्याचा विषय काढतोच. "सर, मूलपेशी टोचल्या की झिजलेली गादी पुन्हा येते म्हणतात. एखादा एकर काढावा का?" गोष्ट जमीन विकण्यापर्यंत आली की बोलणे भाग पडते.

आंब्याचे कलम बांधताना आपण साल आणि लाकूड यांमधला पातळ थर जुळवतो. त्या थरातील पेशी सतत विभागतात, म्हणून जखम भरते आणि कलम सांधते. आपल्या शरीरातही अशा राखीव पेशी असतात. अस्थिमज्जेतील अशा पेशींवर सोव्हिएत शास्त्रज्ञ फ्रीडेनस्टाइन यांनी १९६० नंतर काम केले. अमेरिकेतील आर्नोल्ड कॅप्लन यांनी १९९१ मध्ये 'मेसेन्कायमल मूलपेशी' हे नाव रूढ केले. मज्जा, चरबी आणि बाळाची नाळ यांतून त्या मिळतात. प्रयोगशाळेत त्यांच्यापासून हाडाच्या व कूर्चेच्या पेशी तयार करता येतात. कूर्चा म्हणजे सांध्यातली गुळगुळीत गादी.

यावरून समज असा झाला की पेशी पेरली आणि गादी उगवली. गफलत आहे ती इथेच. टोचलेल्या पेशींपैकी बहुतेक थोड्याच काळात नाहीशा होतात. तेवढ्या काळात त्या काही रासायनिक द्रव्ये सोडतात. त्यामुळे सूज कमी होते आणि जागच्या पेशी कामाला लागतात. ॲझोस्पिरिलमची बीजप्रक्रिया आठवा. तो जिवाणू स्वतः मूळ होत नाही. तो नत्र देतो, संजीवके सोडतो आणि मुळी जोर धरते. मूलपेशींचे काम बियाण्यापेक्षा जिवाणू खतासारखे आहे. 'मूलपेशी' या शब्दाने रुग्णांची दिशाभूल होते, नाव बदलावे, असे खुद्द कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये लिहिले. मुळीच उरली नसेल तर जिवाणू खत कोणाला जोर देणार, हे तुम्हाला सांगायला नको.

जनावरांत काय झाले? शर्यतीच्या घोड्यांच्या पायाची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा दोर, तुटते. इंग्लंडमध्ये त्याच घोड्याच्या मज्जेतील पेशी वाढवून दुखऱ्या जागी टोचल्या. २०१२ च्या अहवालात ११३ घोड्यांपैकी सुमारे २७ टक्के घोड्यांना पुन्हा दुखापत झाली. पूर्वीच्या उपचारांपेक्षा हे प्रमाण बरेच कमी होते. निकाल आशादायक खरा, पण माझ्यासारख्याची नजर लगेच नियंत्रण वाफ्याकडे जाते. तो इथे नव्हता. तुलना जुन्या नोंदींशी होती. शेजारी खत न दिलेला वाफा नसेल तर वाढीव उत्पन्न खताचे की पावसाचे, हे कसे ठरवायचे?

माणसाच्या गुडघ्यावर मात्र अशी तुलना झाली आहे. अमेरिकेत सुमारे ४८० रुग्णांचे चार गट केले. एका गटाला नेहमीचे स्टिरॉइड, इतरांना मज्जेतील, चरबीतील किंवा नाळेतील पेशी दिल्या. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर चारही गटांच्या वेदना कमी होत्या, पण पेशींचा एकही गट स्टिरॉइडपेक्षा सरस ठरला नाही. एमआरआय चित्रांतही फरक आढळला नाही.

दुसरी बाजूही सांगतो. आपल्या देशात मज्जेतील पेशींपासून बनवलेल्या एका औषधाला २०२२ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. १४६ रुग्णांच्या चाचणीत पेशी नसलेल्या इंजेक्शनपेक्षा या औषधाने वेदना जास्त कमी झाल्या. पण मान्यता दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीच्या झिजेपुरती आहे. हाडावर हाड घासू लागले त्या चौथ्या श्रेणीसाठी ती नाही, आणि नेमके तेच रुग्ण जमीन विकायला निघतात!

म्हणून कोणी इंजेक्शन सुचवले तर आधी विचारा: माझी झीज कोणत्या श्रेणीची? औषध मान्यताप्राप्त आहे का? त्याचे नाव चिठ्ठीवर लिहून घ्या. "हा प्रयोग आहे" असे उत्तर आले, तर चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. मूलपेशींच्या प्रयोगात सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे २०१७ चे मार्गदर्शन सांगते. प्रयोगही आणि बिलही, असे असेल तर उठून यावे. रक्ताच्या कर्करोगातील मज्जारोपण ही वेगळी, प्रस्थापित पद्धत आहे; तिच्याशी याची गल्लत करू नका.

झीज सुरुवातीची असेल तर वजन उतरवणे आणि मांडीच्या स्नायूंचा रोजचा व्यायाम यांनी वेदना कमी होतात. आता थोडे माझ्या विषयाचे. तासन्‌तास उकिडवे बसण्याने गुडघ्यावर ताण येतो, आणि खुरपणीचे काम बहुतेक भगिनींकडेच असते. ओळीत पेरलेल्या पिकात सायकल कोळपे उभ्याने चालवता येते. खुरपे फक्त रोपांच्या बुंध्याशी लागते.