मोबाइलमधील टपालपेटी व तिच्या फटी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मोबाइलविषयी कोणी बोलावयास उभा राहिला की सभेत दोन तट पडतात. वडीलधाऱ्यांना वाटते, बरे झाले, आता हा पोरांचे कान उपटील. पोरांना वाटते, झाले, सुरू झाले! मी या दोघांचीही निराशा करणार आहे. मुले मोबाइलवर किती वेळ घालवतात हा आज माझा विषय नाही. मोबाइलवर जे ई-मेल येते-जाते, ते हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये राहून गेलेल्या चुका, आणि त्या चुकांमुळे आपल्या घरातील खाजगी गोष्टी बाहेर जाण्याचा धोका, एवढ्याच विषयावर मला बोलावयाचे आहे. या चुका वापरणाऱ्याच्या नसतात, बनवणाऱ्याच्या असतात. परंतु भुर्दंड मात्र वापरणाऱ्याला पडतो, आणि आपल्या समाजात तर पुष्कळदा दोषही त्याच्याच, किंबहुना तिच्याच, माथी मारला जातो.

ई-मेल ही तशी जुनी वस्तू. रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिले पत्र धाडले, त्याला अर्धशतक उलटून गेले. आजचे विद्यार्थी म्हणतील, ई-मेल वापरतो कोण? आमचे सारे व्हॉट्सॲपवर चालते. ठीक आहे. पण शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना ई-मेलचा पत्ता मागतात, बँकेत मागतात, महाविद्यालयाच्या प्रवेशाला मागतात, आखातात नोकरीसाठी जाणाऱ्या भावाकडून पासपोर्टची प्रत ई-मेलवरच मागवली जाते. आणि कोठलाही पासवर्ड विसरला तर नवा करण्याची चिठ्ठी बहुतेक वेळा याच पेटीत येऊन पडते. म्हणजे ही पेटी नुसती पत्रांची नाही. घरातील इतर कुलुपांच्या किल्ल्या तिच्यात टांगलेल्या आहेत. त्यातही आपल्याकडे एक चाल अशी की साऱ्या घराला मिळून एकच ई-मेल असते. थोरल्या भावाने कधीकाळी उघडलेले, त्याच्यावर अब्बांचे पेन्शन, आपाची गुणपत्रिका, धाकट्याचे आधार, सगळे एकाच ठिकाणी. एका किल्लीत चार घरे उघडावीत तसा हा प्रकार आहे.

आता सॉफ्टवेअरमधील चूक म्हणजे काय, ते पाहू. संगणकवाले तिला 'बग', म्हणजे किडा म्हणतात. सॉफ्टवेअर हे लाखो ओळींचे लिखाण असते व ते माणसेच लिहितात. गवंड्याने भिंत बांधताना एखादी वीट सैल ठेवली तर घर पडत नाही, वर्षानुवर्षे उभे राहते. पण ज्याला ती वीट ठाऊक झाली त्याला दाराची गरज उरत नाही. ई-मेलच्या बाबतीत अडचण अशी की ही भिंत रस्त्याकडे तोंड करून उभी असते. तुमचा पत्ता ज्याला माहीत आहे असा जगातील कोणीही माणूस तुमच्या पेटीत काहीही टाकू शकतो, आणि तुमचा मोबाइल ते आपण होऊन उचलून घेतो, वाचतो, मांडतो. अनोळखी माणसाने पाठवलेली वस्तू न विचारता घरात घेणे, हे तिचे कामच आहे.

हे मी हवेत बोलत नाही. काही घडलेल्या गोष्टी सांगतो.

२०१३ साली ॲपल कंपनीच्या आयफोनमध्ये आयओएस ७ नावाची नवी प्रणाली आली. मोबाइल कुलूपबंद असताना ई-मेल व त्यासोबतची कागदपत्रे विशेष सांकेतिक रूपात सुरक्षित राहतात, असे कंपनी सांगत होती. आंद्रेआस कुर्ट्झ या जर्मन संशोधकाने २०१४ च्या वसंतात तपासून पाहिले, तेव्हा जोडलेली कागदपत्रे त्या संरक्षणाविनाच पडलेली आढळली. मोबाइल हातात असलेल्या जाणकाराला ती वाचता येत होती. कंपनीने ३० जून २०१४ रोजी दुरुस्ती दिली. मोबाइल हरवला तरी माझा पासवर्ड आहे, काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. दाराला कुलूप होते. पण आतल्या कपाटाला जे कुलूप असल्याचे सांगितले होते ते लागलेच नव्हते.

आपल्यापैकी बहुसंख्य लोकांकडे आयफोन नाही, अँड्रॉइड आहे, म्हणून दुसरी गोष्ट त्या बाजूची. २०१५ साली गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या पथकाने सॅमसंगचा गॅलक्सी एस६ एज हा त्यावेळचा महागडा मोबाइल घेतला आणि एक आठवडा त्यातील दोष शोधण्याची आपसांत स्पर्धा लावली. आठवड्यात ११ दोष सापडले. त्यांपैकी दोन सॅमसंगच्या स्वतःच्या ई-मेल ॲपमधले होते. एकात असे होते की आलेल्या पत्रात दडवलेला छोटा कार्यक्रम ते ॲप निमूटपणे चालवीत असे. दुसरा मला अधिक बोधप्रद वाटतो. मोबाइलवर असलेले दुसरे कोणतेही क्षुल्लक ॲप, ज्याला पत्रे वाचण्याची काडीचीही परवानगी दिलेली नाही असे, ई-मेल ॲपला नुसता निरोप देई की ही पत्रे अमुक पत्त्यावर धाड, आणि ई-मेल ॲप निरोप कोणाचा आहे याची चौकशी न करता पत्रे धाडून देई! घरच्या नोकराने दारावरच्या परक्या माणसाचे ऐकून तिजोरी उचलून द्यावी, तसे हे झाले. या दोषांपैकी बहुतेक तीन महिन्यांच्या आत दुरुस्त झाले. पण त्यातली एक बारीक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. अशी धाडलेली पत्रे 'सेंट' म्हणजे पाठवलेल्या पत्रांच्या कप्प्यात दिसत असत. तो कप्पा आपण किती वेळा उघडून पाहतो? बहुतेकजण कधीच नाही.

तिसरी गोष्ट एप्रिल २०२० ची, टाळेबंदीतली. झेकऑप्स या अमेरिकेतील सुरक्षा कंपनीने जाहीर केले की आयफोनवरील मेल ॲपमध्ये दोन दोष आहेत आणि ते २०१२ च्या आयओएस ६ पासून, म्हणजे जवळजवळ आठ वर्षे तसेच पडून आहेत. मोबाइलची बरीच स्मृती व्यापील अशा रीतीने रचलेले एक पत्र पाठवायचे. ते उतरवून घेताना ॲपचा हिशेब चुकतो, ठरलेल्या जागेबाहेर लिखाण सांडते, आणि त्या सांडण्यातून हल्लेखोर आपल्या आज्ञा घुसवतो. आयओएस १२ मध्ये पत्र उघडावे लागे. आयओएस १३ मध्ये तेही नको. पत्र आले की झाले, मालक झोपलेला असला तरी. पुढे ते पत्र पुसूनही टाकता येते. या दोषाचा प्रत्यक्ष वापर झाल्याचे झेकऑप्सचे म्हणणे होते. ॲपलने मात्र ग्राहकांविरुद्ध वापर झाल्याचा पुरावा आढळला नाही, असे उत्तर दिले. या वादात आपण न्यायाधीश होण्याचे कारण नाही. जर्मन सरकारच्या माहिती-सुरक्षा कार्यालयाने मात्र वाद मिटण्याची वाट न पाहता आपल्या नागरिकांना दुरुस्ती येईपर्यंत ते ॲप काढून टाकण्याचा किंवा बंद ठेवण्याचा सल्ला दिला. मला तो शहाणपणाचा वाटतो. दुरुस्ती २० मे २०२० रोजी आली.

आता याचा आपल्या घराशी संबंध पाहा. आपण मुलांना आजवर काय शिकवत आलो? अनोळखी पत्र उघडू नकोस, भलत्या दुव्यावर बोट ठेवू नकोस. सल्ला चांगलाच आहे, तो सोडू नये. पण वरच्या गोष्टीत कोणी काही उघडले नव्हते. ज्याने एकही चूक केली नाही त्याचीही पेटी उघडी पडू शकते, हे पालकांनी नीट समजून घ्यावयास हवे. कारण उद्या एखाद्या मुलीचे छायाचित्र वा पत्र बाहेर गेले, तर आपल्या मोहल्ल्यात पहिला प्रश्न काय विचारला जाईल? "तिने कोणाला पाठवले होते?" दुसऱ्या दिवशी मोबाइल काढून घेतला जाईल आणि तिसऱ्या दिवशी कदाचित कॉलेजही बंद होईल. सॉफ्टवेअरमधील सैल विटेची शिक्षा मुलीच्या शिक्षणाला! आपल्या संस्थेने मुलींना शाळेच्या दारापर्यंत आणण्यासाठी जे कष्ट घेतले ते असल्या अज्ञानात वाया जाता कामा नयेत. असा प्रसंग आलाच तर घरात उलटतपासणी सुरू करण्याऐवजी १९३० या सायबर तक्रारीच्या क्रमांकावर किंवा पोलिसांकडे जावे, आणि मुलीला बरोबर घेऊन, तिचा आधार होऊन जावे.

येथे एक कटू गोष्ट बोलतो. काही वडील मोठ्या अभिमानाने सांगतात, मी मुलीची सगळी पत्रे स्वतः वाचतो. लहान मुलाची काळजी घेणे वेगळे. पण वीस वर्षांच्या मुलीची पेटी तिला न विचारता उघडणे याला काळजी म्हणता येत नाही. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये असा हुकूम आहे, आणि सूरह हुजुरातमध्ये लोकांच्या गुप्त गोष्टी हुडकण्याची मनाई आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. दीनही तेच सांगतो, कायदाही तेच सांगतो. शिवाय त्या पेटीत फक्त तिची पत्रे नसतात. तिच्या मैत्रिणींनी, शिक्षिकांनी तिच्यावर विश्वास टाकून लिहिलेले असते. ती त्यांची अमानत आहे. अमानतीचा हा विचार मुलांनीही करावा: तुमचा मोबाइल फुटला तर तुमच्याबरोबर इतरांचेही गुपित फुटते.

एक छोटी बाब चित्रांची. आलेल्या पत्रात पुष्कळदा एक ठिपक्याएवढे अदृश्य चित्र असते; ते दुसऱ्या संगणकावरून मागवले जाते आणि मागवताक्षणी पाठवणाऱ्याला कळते की पत्र उघडले. २०१८ साली म्युन्स्टर, बोखुम व लुव्हेन येथील संशोधकांनी दाखवून दिले की याच चित्र मागवण्याच्या सवयीचा उपयोग करून सांकेतिक लिपीतील गुप्त पत्रांचा उलगडलेला मजकूरही बाहेर नेता येतो. आयफोनचे मेल ॲपही त्या यादीत होते. म्हणून ई-मेलच्या सेटिंगमध्ये बाहेरची चित्रे विचारल्याशिवाय दाखवू नयेत, असे ठरवून ठेवावे. दोन मिनिटांचे काम आहे.

बाकी उपाय फारसे अवघड नाहीत, पण कंटाळवाणे आहेत. म्हणूनच होत नाहीत. मोबाइल 'अपडेट' मागतो तेव्हा आपण "नंतर" म्हणतो, डेटा संपेल म्हणून, जागा नाही म्हणून. वर सांगितलेल्या दोषांवरची दुरुस्ती याच अपडेटमधून आली. दोष जाहीर झाल्यानंतरचा काळ तर अधिक धोक्याचा, कारण तोवर फट कोठे आहे हे चोरालाही कळलेले असते. अँड्रॉइड मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'सिक्युरिटी अपडेट'ची तारीख लिहिलेली असते. आज घरी गेल्यावर ती पाहा. ती एक-दोन वर्षे जुनी असेल आणि कंपनीने त्या मोबाइलला अपडेट देणेच थांबवले असेल, तर त्यावर फोन करावा, कुराणपठण ऐकावे, पण शिष्यवृत्तीची व बँकेची कागदपत्रे ठेवू नयेत. ई-मेलचे ॲप मात्र दुकानातून, म्हणजे प्ले स्टोअरमधून, वेगळे अपडेट होते. तेही करून घ्यावे. नवा मोबाइल घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सगळे विचारतात, अपडेट किती वर्षे मिळणार हे कोणी विचारत नाही. विचारा. दुकानदाराला सांगता आले नाही तर कंपनीच्या संकेतस्थळावरून पाहून घ्या.

प्रत्येक शिकणाऱ्या मुलामुलीचे ई-मेल स्वतंत्र असावे, आणि त्याला पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी लावलेली असावी. फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रात त्यांनीच ई-मेल उघडून द्यावे व पासवर्ड त्यांच्याच वहीत राहावा, ही रीत मोडलीच पाहिजे. अर्जाचे काम संपल्यावर आधार, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका पेटीतून काढून दुसरीकडे सुरक्षित ठेवावीत; जे पेटीत नाही ते पेटी फुटली तरी जात नाही. महिन्यातून एकदा 'सेंट'चा कप्पा पाहावा, आणि आपली पत्रे परस्पर दुसऱ्या पत्त्यावर तर जात नाहीत ना, हे संगणकावरून सेटिंग उघडून तपासावे. आमच्या संगणकाच्या शिक्षकांना विद्यार्थ्यांनी विचारल्यास ते दाखवतील.

शेवटी जुन्या मोबाइलविषयी, कारण आपल्याकडे मोबाइल फेकला जात नाही, थोरल्याचा धाकट्याला व धाकट्याचा गावच्या चाचाला जातो, नाहीतर दुकानात विकला जातो. देण्यापूर्वी नुसती पत्रे पुसणे पुरेसे नाही. हवे ते दुसरीकडे उतरवून घेऊन, त्यातील ई-मेल खाते काढावे आणि मग 'फॅक्टरी रीसेट' करून मोबाइल कोरा करावा. त्यानंतर दुसऱ्या मोबाइलवरून किंवा संगणकावरून आपल्या खात्याची उपकरणांची यादी उघडावी. त्यात तो जुना मोबाइल अजून दिसत असेल तर तेथून त्याला बाहेर काढावे. पडदा फुटल्यामुळे रीसेट करता येत नसेल तर तो मोबाइल विकू नये, घरीच ठेवावा, आणि यादीतून त्याला बाहेर काढून पासवर्ड त्याच दिवशी बदलावा.