गोंदिया जंक्शनचा कानसेन



गाण्यामागे फिरणाऱ्या माणसानं राहावं तर गोंदियात राहावं, असं मी म्हटलं की पुण्यातले माझे स्नेही हसतात. त्यांना वाटतं, हा धानाच्या बांध्यांतला माणूस उगाच फुशारकी मारतो आहे. पण नकाशा काढून बघा. मुंबई-हावडा लोहमार्गावरचं हे जंक्शन. पश्चिमेला नागपूरवरून पुणं-मुंबई. पूर्वेला डोंगरगड, रायपूर, छत्तीसगडमधलं रायगड आणि थेट कोलकाता. उत्तरेला बालाघाटवरून जबलपूर, दक्षिणेला वडसा आणि चंद्रपूर. या चारही वाटांवर कुठं ना कुठं वर्षातून एकदा गाणाऱ्यांची आणि ऐकणाऱ्यांची मोठी गर्दी जमते. मी या वाटांनी फिरत आलो, आणि मुलीच्या कृपेनं एकदा सातासमुद्रापलीकडेही जाऊन आलो. त्यातलं थोडं आज सांगतो.

पण ऐकायला शिकलो ते मात्र तिकीट न काढता, मंडईत.

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, हे आपल्या भागात सांगावं लागत नाही. पण हे भाषण दूरवर कुणी ऐकत असेल त्यांच्यासाठी सांगतो. भाऊबीज झाली की गोंदिया-भंडाऱ्याकडच्या गावागावांत मंडई भरते. हलका धान घरात आलेला असतो, भारी धान अजून बांधीत असतो, हातात चार पैसे असतात. शेजारच्या गावांची तारीख एकमेकांवर येऊ नये म्हणून आधी बोलणी होतात. लेकी-जावई, पाहुणेरावळे येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. दिवसा बाजार, आणि रात्री जेवणं आटोपली की खरा कार्यक्रम. कुठं दंडार, कुठं खडी गंमत, कुठं दोन पार्ट्यांची दुय्यम कव्वाली, सालेकसा-देवरीकडे छत्तीसगडी नाचासुद्धा.

खडी गंमत नावाप्रमाणे उभ्यानंच. शाहीर, डफ, ढोलकी, तुणतुणं, चोनका आणि लुगडं नेसलेला नाच्या. गण होतो, गौळण होते, आणि मग सवाल-जवाब सुरू झाले की समोरच्या शाहिराला उत्तर सुचेपर्यंत अख्खं गाव श्वास धरून बसतं. तिथल्या श्रोत्याला कुणी शिस्त लावत नाही. लहान पोरं मांडीवर झोपतात, म्हातारी माणसं शेकोटीजवळून दाद देतात, कुणी मधेच उठून पानठेल्यावर जाऊन येतो. पण शाहीर चुकला तर तिथल्या तिथं कळवतात. मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगडी अशा चार-पाच बोली एका मांडवात बसलेल्या असतात, त्यामुळे शब्द हुकला तरी ठेका हुकत नाही. थंडीत रात्रभर बसायची आणि झोप आली तरी कान जागा ठेवायची सवय मला या मंडयांनी लावली. पुढे ती पुण्यात उपयोगी पडली.

दुसरी शाळा रेडिओची. हे मी रेडिओवर बसून सांगतो आहे म्हणून कुणी खुशामत समजू नये. नागपूर केंद्र 1948 साली सुरू झालं. 1952 पासून शनिवारी रात्री संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागू लागला आणि 1954 पासून आकाशवाणीचं संगीत संमेलन. तेव्हाचे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ. सिनेमाच्या गाण्यांवर त्यांनी डोळे वटारले म्हणून लोक रेडिओ सिलोनकडे वळले आणि 1957 मध्ये विविध भारती काढावी लागली, हा इतिहास तुम्हाला ठाऊक असेल. केसकरांची थट्टा खूप झाली. पण आमच्यासारख्या, जिथं एकही मोठा गवई फिरकत नव्हता अशा गावात त्या काळी बड्या खाँसाहेबांचा आणि पंडितांचा आवाज पोचला तो त्यांच्या हट्टामुळे. मी त्यांना पुष्कळ माफ केलं आहे.

आता पुणं. गोंदियाच्या माणसाला सवाई गंधर्व महोत्सवाला जायला देवानं एक गाडीच दिली आहे. कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेस राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रमतगमत जाते. सोबत एखादा गाणारा सहप्रवासी मिळाला तर महोत्सव डब्यातच सुरू होतो. रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व 1952 साली गेले आणि त्यांच्या स्मृतीसाठी शिष्य भीमसेन जोशी यांनी आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या मदतीनं 1953 पासून हा उत्सव मांडला. रमणबागेच्या शाळेच्या पटांगणात मी गेलो तेव्हा तो रात्रभर चालत असे. भारतीय बैठकीचं तिकीट काढायचं, सतरंजीवर जागा धरायची, पांघरूण आणि थर्मास सोबत. पुणेकर श्रोता समेवर हात असा उचलतो की वाटावं, गवई नव्हे, हेच सम आणत आहेत. शेजारचा अनोळखी गृहस्थ कुणाचा मारवा कोणत्या साली कसा रंगला होता ते न विचारता सांगतो. चहाच्या रांगेत घराण्यांची भांडणं होतात. मला हे सगळं आवडतं. ऐकण्याचा इतका अभिमान बाळगणारं दुसरं गाव मी पाहिलं नाही. अभिमान जरा जास्त होतो, पण तोही चालवून घ्यावा.

त्या रात्रींची खरी मजा मध्यरात्रीनंतर होती. दरबारी, मालकंस होऊन जायचे, अडाणा यायचा. मग सोहनी, परज. आणि उजाडता उजाडता ललित, भटियार. राग आणि आकाश एकाच वेळी पालटताना दिसायचे. शेवटी भीमसेनांचं गाणं, आणि त्यानंतर सवाई गंधर्वांच्या ध्वनिमुद्रित भैरवीनं समाप्ती. लोक उठून उभे राहायचे.

मग 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षातून फार तर पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देता येते. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. लग्नाच्या वरातीतल्या डीजेनं ज्यांच्या खिडकीची तावदानं थरथरतात, त्यांना विचारा. पण त्या डीजेसोबत परज आणि ललितही बाहेर गेले. सवाई आता दुपारी सुरू होऊन रात्री संपतो. 2018 पासून तो मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भरतो. खुर्च्या बऱ्या, ध्वनी उत्तम, पडदे मोठे. पण मध्यरात्रीनंतरचे राग ज्यांच्या कानावर मैफलीत कधी पडलेच नाहीत अशी एक पिढी आता तिथं पुढच्या रांगेत बसते. तरुण गवयांनाही ते राग गायला वेळ मिळत नाही, आणि जे गायलं जात नाही ते हळूहळू गळ्यातून जातं. भातखंड्यांनी रागांच्या वेळा प्रहरांत बसवून ठेवल्या. त्यातले दोन-तीन प्रहर आपण कायद्यानं रिकामे केले आहेत.

याच नियमात एक वाट आहे. बंदिस्त सभागृहाला तो आडवा येत नाही. कोलकात्याचं डोव्हर लेन संमेलन 1952 पासूनचं, म्हणजे सवाईपेक्षाही वर्षभर वडील. ते जानेवारीत नजरुल मंचात अजून रात्रभर चालतं. आमच्या स्टेशनावरून हावड्याला जाणारी गाडी धरली की झालं. तिथं पहाटे ऐकायला बसलेली बंगाली कुटुंबं माकडटोप्या घालून, डबे उघडून, आपसात बारीक आवाजात गवयाची चिकित्सा करत असतात. थंडी आमच्या नवेगावबांधच्या मानानं काहीच नसते, टोप्या मात्र हिमालयात जाण्याच्या. मला एकच कळत नाही. पुणं, मुंबई, नागपूर इथं सभागृहं काही कमी नाहीत. वर्षातून एक रात्र त्यातलं एखादं पहाटेपर्यंत उघडं ठेवायला काय हरकत आहे?

हावड्याच्या वाटेवर आधी डोंगरगड लागतं. तिथं उतरून खैरागडला जा. राजे वीरेंद्रबहादूर सिंह आणि राणी पद्मावती यांनी आपला राजवाडा देऊन 1956 साली, दिवंगत मुलीच्या नावानं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभं केलं. ते नवं असताना भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर तिथं कुलगुरू होते. म्हणजे मुंबईचा एक मराठी पंडित आमच्या शेजारच्या जंगलात राहून गेला. दुपारी त्या वाड्याभोवती नुसतं हिंडलं तरी एका खिडकीतून तबला, दुसरीतून सतार, तिसरीतून कुणाचा तरी न लागणारा गंधार ऐकू येतो. तिथल्या महोत्सवापेक्षा मला ते रियाजाचं खैरागड जास्त भावलं.

उत्तरेच्या गाडीनं जबलपूर आणि कटनी करत मैहरला गेलो. अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या नावाचा समारोह तिथं होतो. रविशंकर, अली अकबर, अन्नपूर्णादेवी, निखिल बॅनर्जी ही सारी त्यांच्या हाताखालची माणसं. पण मी गेलो ते मैहर बँडसाठी. साथीच्या रोगात पोरकी झालेली मुलं खाँसाहेबांनी गोळा केली, त्यांना वाद्यं शिकवली आणि वाद्यवृंद बांधला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी नलतरंग केलं. ते वाद्य आजही वाजतं. नळीचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

आता परदेश. मुलीकडे इंग्लंडला गेलो तेव्हा लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रॉम्स ऐकायला गेलो. हा उन्हाळी महोत्सव 1895 साली रॉबर्ट न्यूमन आणि हेन्री वुड यांनी सुरू केला. गरिबालाही मोठं संगीत परवडावं हा हेतू. सुरुवातीला तर श्रोते हिंडत-फिरत, खात-पीत, धूर काढत ऐकायचे. म्हणजे आमची मंडईच की! युद्धात जुनं क्वीन्स हॉल बाँबनं गेलं आणि 1941 साली प्रॉम्स अल्बर्ट हॉलमध्ये आले. अजूनही मधल्या रिंगणात उभ्यानं ऐकण्याची स्वस्त तिकिटं असतात. खडी गंमत पाहिलेल्या माणसाला उभं राहण्याचं काय कौतुक? मी आनंदानं उभा राहिलो. मात्र तिथं वाहवा नाही. एक भाग संपला, दुसरा सुरू व्हायचा आहे, आणि हजारो माणसं खोकला दाबून स्तब्ध. माझ्या तोंडून एकदा ‘क्या बात है’ निघता निघता मुलीनं कोपर मारलं. मी गप्प राहिलो, पण ते वाजवणाऱ्याचं नुकसान झालं असं माझं मत आहे.

तिथंच दरबार महोत्सवालाही गेलो. तबलावादक भाई गुरमीतसिंग विर्दी यांच्या आठवणीत 2006 साली लेस्टरला सुरू झालेला हा उत्सव पुढे लंडनला आला. सकाळच्या सत्रात सकाळचे राग ऐकले. गंमत बघा, पुण्यात दुर्मीळ झालेला तोडी मी थेम्सच्या काठी ऐकला, आणि शेजारी बसलेली गोरी बाई टाळ्यांनी ताल धरत होती, खालीसकट.

मात्र सगळ्या महोत्सवांत एक भिंत असते. एका बाजूला गाणारे, दुसऱ्या बाजूला आपण. ती भिंत नसलेली जागा आपल्याच जिल्ह्यात आहे. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघी पौर्णिमेला गोंड समाजाची यात्रा भरते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा, कुठून कुठून माणसं येतात. गुहेत कोंडलेल्या तेहतीस मुलांना लिंगो आणि जंगो रायताड यांनी सोडवलं, अशी गोंडी परंपरेतली कथा. दारावरचा धोंडा हलला तो शस्त्रानं नव्हे. हिरासुका पाटालीर नावाच्या कलावंतानं किंगरी वाजवली आणि त्या सुरांच्या बळावर तो हलला. त्या धोंड्याखाली तो वादकही गेला. वादकाच्या बलिदानाची आठवण असलेली यात्रा मी दुसरी पाहिली नाही. तिथं ढोल वाजू लागले की श्रोता म्हणून कुणी बाजूला उरत नाही. माझ्यासारखा बघ्याही चार पावलं ओढला जातो, आणि पाय चुकले तर कुणी हसत नाही.

राहिली दक्षिणेची गाडी. तिच्याविषयी सांगून थांबतो, कारण मला अनेक जण विचारतात, कुठून सुरुवात करू? वडशाला जा. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटक मंडळ्या तिथून गावोगाव फिरतात. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती असोत की मंडई, रात्री नाटक हवंच. रंगमंचापुढे ऑर्गन आणि तबला, नट स्वतः गातो, आणि आवडलं तर लोक ‘वन्स मोअर’ देऊन पद पुन्हा म्हणायला लावतात. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना या रंगभूमीचं नाव कळलं. आपल्याला ते नवीन नव्हतं. अलीकडे मधेमधे रेकॉर्डवरचे नाच घुसले आहेत. ते मला आवडत नाहीत, तेवढ्या वेळात मी चहा घेऊन येतो. जाताना चादर नको, चांगलं जाड पांघरूण घ्या. बसायला पोतं किंवा ताडपत्री गावात मिळते. नाटक दहाला आहे असं सांगतील, पडदा अकराच्या आत उठत नाही. म्हणून जेवून निवांत निघा. आणि परतीची गाडी सकाळची धरा, रात्रीची नाही. नाटक संपायला उजाडतं.