नवा कारभारी, जुना जाणता

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बाप्पाच्या पुढ्यात क्रिकेटवर बोलायला उभे राहिलो आहोत, तेव्हा आधी त्याची आणि मग आपली क्षमा मागतो. पण विषय क्रिकेटपुरता नाही, हे थोड्या वेळात आपल्या लक्षात येईल.

आपल्या मंडळाच्या मुलांच्या संघाला यंदा नवा मुख्य प्रशिक्षक मिळाला. आधीच्या काकांचे गुडघे थकले, त्यांनी आपणहून हात जोडले. नवा मुलगा नागपुरात खेळून, शिकून आलेला. पहिल्याच बैठकीत त्याने सरळ विचारले, "फलंदाजी शिकवणारे गुरुजी राहणार आहेत का? की मी माझा माणूस आणू?" बैठकीत एकदम शांतता पसरली. गुरुजी बारा वर्षे पहाटे मैदानावर येतात, रोज शे-दीडशे चेंडू स्वतःच्या हाताने टाकतात. एक पैसा घेत नाहीत. त्यांना 'या आता' कोण म्हणणार? मग आवाज चढले, चहा दोनदा झाला, निर्णय काही झाला नाही. त्या रात्री घरी गेल्यावर आम्हाला जे आठवले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले अमेरिकेत आहेत. तिकडच्या फुटबॉलमध्ये चढाईची सारी आखणी करणारा एक स्वतंत्र माणूस असतो, त्याला ऑफेन्सिव्ह को-ऑर्डिनेटर म्हणतात. मुख्य प्रशिक्षक बदलला की पहिली चर्चा हीच, की हा राहणार की जाणार. आपल्याकडे त्याचा सख्खा भाऊ म्हणजे फलंदाजी प्रशिक्षक. आणि या प्रश्नाचे सगळ्यांत चांगले उदाहरण आपल्या शेजारच्या मराठवाड्यातले आहे. बीडचे संजय बांगर.

बांगर रेल्वेकडून खेळले. फेब्रुवारी 2002 मध्ये नागपूरला झिम्बाब्वेविरुद्ध त्यांनी नाबाद शतक केले. नागपूर म्हणजे आपल्या हमरस्त्यावरचेच गाव. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लीड्सला त्यांनी 68 धावा काढल्या. द्रविड 148, सचिन 193, सौरव 128 हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. पण ढगाळ हवेत, सळसळत्या चेंडूपुढे सलामीला उभा राहून ज्याने दिवस काढला, त्याचा आकडा विचारा, कुणी सांगत नाही. भारताने ती कसोटी एक डाव आणि 46 धावांनी जिंकली. दुसऱ्यासाठी पाया घालून द्यायचा, हा त्यांचा स्वभाव तिथेच दिसला होता.

ऑगस्ट 2014 मध्ये ते भारतीय संघाचे सहायक प्रशिक्षक झाले. तेव्हा मुख्य प्रशिक्षक डंकन फ्लेचर होते आणि रवी शास्त्री संचालक. 2015 च्या विश्वचषकानंतर फ्लेचर गेले, बांगर राहिले. 2016 मध्ये शास्त्रींचा करार संपला, अनिल कुंबळे आले, बांगर राहिले. जून 2017 मध्ये कुंबळेंनी राजीनामा दिला, शास्त्री परत आले, या वेळी मुख्य प्रशिक्षक म्हणून. तरीही बांगर राहिलेच. तीनदा वरची खुर्ची हलली, खालचा पाट हलला नाही.

का ठेवले असेल? आम्हाला दोन कारणे दिसतात. पहिले साधे. फलंदाजाच्या सवयी वहीत मावत नाहीत. कुणाचा पुढचा पाय उशिरा निघतो, कुणाला नापास झाल्यावर बोललेले चालत नाही, कुणाला लगेच सांगावे लागते, हे महिनोन् महिने नेटमागे उभे राहिल्यावर कळते. तो माणूस गेला की हे सारे त्याच्याबरोबर जाते.

दुसरे कारण, मधल्या रिकाम्या काळाचे. कुंबळे येण्याआधी 2016 च्या झिम्बाब्वे दौऱ्यावर संघ बांगरांच्या हवाली होता. कुंबळे गेल्यावर 2017 मध्ये संघ वेस्ट इंडीजला मुख्य प्रशिक्षकाविनाच गेला. फलंदाजी बांगरांनी पाहिली, क्षेत्ररक्षण हैदराबादच्या आर. श्रीधर यांनी. एकदिवसीय मालिका भारताने 3-1 अशी जिंकली. घरातला कर्ता नसताना चूल पेटती ठेवणारा कुणी लागतो, तो असा.

पण मंडळी, नाण्याची दुसरी बाजू लपवली तर ती फसवणूक ठरेल. 2018-19 मध्ये भारताने ऑस्ट्रेलियात पहिल्यांदाच कसोटी मालिका जिंकली, पुजाराने 521 धावा केल्या, तेव्हा बांगर तिथेच होते. पुढे सहा महिन्यांनी, जुलै 2019 मध्ये, मँचेस्टरला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात आपले तीन गडी पाच धावांत गेले आणि न्यूझीलंडकडून आपण 18 धावांनी हरलो. चौथ्या क्रमांकावर कोण, हा प्रश्न कितीतरी दिवस तसाच पडला होता. ऑगस्टमध्ये शास्त्री पुन्हा मुख्य प्रशिक्षक नेमले गेले. भरत अरुण राहिले, श्रीधर राहिले. गेले ते एकटे बांगर. त्यांच्या जागी विक्रम राठोड आले. वरचा बदलला तेव्हा जो टिकला, तो वरचा टिकला तेव्हा गेला! म्हणजे केवळ जुना आहे म्हणून कुणाला जन्मभराचा पट्टा मिळत नाही. कामाचा हिशेब द्यावाच लागतो. मात्र हिशेब सगळ्यांचा घ्यायचा, की दुसऱ्या नंबरच्या एकट्याचा, हे आपण प्रत्येकाने आपल्या मनाशी विचारावे.

पुढेही हेच चालू राहिले. 2021 च्या नोव्हेंबरात द्रविड आले, त्यांनी राठोडांना ठेवले, गोलंदाजीसाठी मुंबईचे पारस म्हांबरे आणि क्षेत्ररक्षणासाठी हैदराबादचे टी. दिलीप नवे आले. जून 2024 मध्ये बार्बाडोसला ट्वेन्टी-20 विश्वचषक जिंकून द्रविड, राठोड, म्हांबरे तिघेही मोकळे झाले. गौतम गंभीर आपली माणसे घेऊन आले, पण दिलीप यांना त्यांच्या हाताखाली कायम ठेवले गेले. विश्वचषक जिंकणाऱ्या चमूतलेही सगळे राहत नाहीत, आणि नवा कारभारीही सगळी भांडी नवी घेत नाही.

आता आपल्या जिल्ह्याचे बघा. 1948 पर्यंत निजाम, मग हैदराबाद राज्य, 1956 ला आंध्र प्रदेश. तेव्हा किनवट आणि राजुरा पलीकडे मुंबई राज्यात गेले, आपण पैनगंगेच्या या काठाला राहिलो. 2014 ला तेलंगणा झाले, 2016 ला जिल्ह्याचेच चार भाग झाले. इतके कारभारी बदलले, पण आपल्या घरातली आरती, मोडी वाचणारे आजोबा, पुरणाचे प्रमाण जाणणारी आजी, यांच्यामुळे आपण मराठी राहिलो. आणि आजूबाजूला तेलुगू शिकवणारे शेजारी होते, म्हणून इथले झालो. दोन्ही लागले.

आमची एक चूक इथे कबूल करतो. काही वर्षांपूर्वी नवी कार्यकारिणी आली तेव्हा लेझीम बसवणाऱ्या जुन्या माणसाला आम्ही साधे विचारलेही नाही. तो रागावला नाही, भांडला नाही, फक्त यायचा थांबला. दोन वर्षांत लेझीम बंद पडले. लेझिमा अजून मंडळाच्या खोलीत पोत्यात आहेत. डाव कुणाला येत नाहीत.

म्हणून क्रिकेटच्या बाबतीत दुसऱ्या बैठकीत आम्ही आधी नव्या मुलाला विचारले, कारण हरल्यावर बोलणी त्यालाच खायची आहेत. शेवटचा शब्द त्याचा. तो म्हणाला, "एक हंगाम बघू." मग गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "मुलांसमोर मी याला सर म्हणेन. याला माझे काही चुकीचे वाटले, तर याने मुले घरी गेल्यावर सांगावे." एवढाच करार. कागदावर नाही, पण सगळ्यांच्या देखत झाला. हंगाम संपल्यावर दोघांचाही हिशेब एकाच बैठकीत घ्यायचा, हेही ठरले.

हे जमेल का? आज सांगता येत नाही. पण परवा पहाटे मैदानावरून गेलो, तर गुरुजी चेंडू टाकत होते आणि नवा मुलगा नेटमागे वही घेऊन उभा होता. टिपून घेत होता.

मंडळी, बाप्पाची मूर्ती आपण दरवर्षी नवी आणतो आणि दहा दिवसांनी वाजतगाजत निरोप देतो. पण ज्या चौरंगावर तो बसतो, तो आपल्या आजोबांच्या वेळचा आहे. पाय डगमगला तर खिळा ठोकतो. टाकून देत नाही.

गणपती बाप्पा मोरया!