नव्याची खीर आणि तेलाचे दिवे



म्हैसूरला दसऱ्याची रोषणाई झाली की कोकणातील एका मराठी समाजाची मला आठवण होते. बेने इस्रायली म्हणजे अलिबागकडचे 'शनिवार तेली': घाणा चालविणारे, पण शनिवारी तो बंद ठेवणारे यहुदी. स्वभूमीपासून तुटल्यावर ते हिब्रू विसरले, सण मात्र विसरले नाहीत. वर्षारंभाला त्यांनी 'नव्याचा सण' म्हटले. पाठोपाठ येई 'खिरीचा सण'. त्या दिवशी नव्या धान्याची खीर गूळ व नारळाचे दूध घालून शिजे. मांसाबरोबर दूध त्यांना निषिद्ध. ती अडचण नारळाने दूर केली. गव्हाचा चीक नारळाच्या दुधात आटवून हलवाही होतो.

नवल असे की, या तेल्यांना तेलाचा सण हनुक्काच ठाऊक नव्हता! इ. स. पूर्व १६४ मध्ये यरुशलेमचे मंदिर पुनः पवित्र झाले, त्याची ती स्मृती. आपले पूर्वज त्याआधीच निघाले, अशी समाजाची श्रद्धा. पुढे इतर यहुद्यांच्या सहवासाने आठ रात्रींचे दिवे आणि तळणीचे पदार्थ त्यांच्याही घरी आले.

१९४८ नंतर बहुतेकजण इस्रायलला गेले. तेथे पोहे, गूळ, ओले खोबरे व वेलदोडे कालवून केलेला नैवेद्य आजही 'मलिदा'च आहे.

आपल्या मुलांची मराठी सुटेल, ही चिंता आपणां सर्वांनाच आहे. निदान एक पदार्थ त्यांच्या हातून, त्याच्या मराठी नावानिशी, दरवर्षी करवून घ्यावा, एवढीच विनंती.