साथ सरली, दायित्व उरले
(एका व्याख्यानाचा मजकूर)



जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित केले आणि ही साथ आपल्या सार्वजनिक चर्चेतून जवळजवळ हद्दपार झाली. परंतु मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या बाबतीत या घोषणेने फारसे काही संपलेले नाही. त्यांच्याविषयी चार गोष्टी मी आपल्यापुढे मांडणार आहे.

आपले शरीर परक्या अवयवाला शत्रू समजते. म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन यांसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे या रुग्णांना, मूत्रपिंड चालू आहे तोवर, रोज घ्यावी लागतात. मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी जी शक्ती आवरायची, तीच विषाणूशी लढण्यास हवी असते. करोनाने त्यांना नेमके या पेचात पकडले. औषध कमी करावे तर अवयव नाकारला जाण्याची भीती. चालू ठेवावे तर विषाणूला मोकळे रान. डॉक्टरांनी बहुधा मायकोफेनोलेट थांबविले आणि गंभीर रुग्णांना स्टिरॉइड वाढवून दिले. स्टिरॉइडने रक्तातील साखर वाढते; २०२१ च्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाने ज्यांना गाठले, त्यांत हे रुग्णही होते.

भारतातील अनेक केंद्रांनी मिळून अशा २५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे १२ टक्के दगावले आणि जवळजवळ निम्म्यांच्या मूत्रपिंडाला तीव्र इजा पोहोचली. वाचले ते सुटले, असेही म्हणता येत नाही. सौम्य आजार झालेल्या बहुतेकांचे मूत्रपिंड पूर्ववत चालते, हा दिलासा खरा. परंतु ज्यांना तीव्र इजा झाली, त्यांतील काहींचे क्रिएटिनिन पूर्वीच्या पातळीवर परतलेच नाही. काहींचा थकवा आणि धाप महिनोन्महिने गेली नाही. लसीनेही त्यांना इतरांइतके संरक्षण दिले नाही. अमेरिकेत २०२१ साली प्रत्यारोपण झालेल्या ६५८ जणांची तपासणी झाली, तेव्हा दोन मात्रांनंतरही ४६ टक्क्यांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली नाहीत. करोनावरील गोळ्यांतील रिटोनाविर हे औषध तर टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी धोकादायकरीत्या वाढविते. म्हणजे उपचारही जाणत्या देखरेखीवाचून देता येत नाही.

ही देखरेख कोणाला मिळते? येथे प्रश्न वैद्यकाचा राहत नाही, तो समाजाचा होतो. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या थांबल्या, तेव्हा प्रत्यारोपण केंद्रे मोठ्या शहरांत आणि रुग्ण खेड्यात, ही आपली रचना उघडी पडली. ज्याच्यापाशी स्वतःचे वाहन आणि साठवणीचे पैसे होते, त्याची औषधे चुकली नाहीत. इतरांना एकेका गोळीचा हिशेब करावा लागला.

“असे रुग्ण थोडे आणि खर्च मोठा,” असा आक्षेप घेतला जातो. तो हिशेबाच्या कसोटीलाही उतरत नाही. प्रत्यारोपित मूत्रपिंड निकामी झाले, तर रुग्ण पुन्हा आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसवर येतो आणि गरिबांच्या डायलिसिसचा भार २०१६ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमान्वये शासनच उचलते. जे जपता आले असते ते गमावून त्याची भरपाई करीत राहणे, याला काटकसर कोण म्हणेल?

शिवाय आपल्या देशात बहुतेक मूत्रपिंडे जिवंत नातलगांकडून येतात आणि अशा दात्यांत स्त्रियांची संख्या अधिक असते. १९९४ च्या कायद्याने अवयवांचा बाजार निषिद्ध ठरविला, हे योग्यच झाले. परंतु जी वस्तू विकत घेण्यास समाजाने मनाई केली, ती जपण्याचे दायित्वही त्याच समाजावर येते. एखाद्या आईने किंवा पत्नीने दिलेला अवयव औषधाच्या एका खंडाने वाया जावा, हे आपल्याला परवडणारे नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जिल्हा रुग्णालयात नियमित व विनामूल्य मिळावीत. क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने आणि टॅक्रोलिमसची पातळी यांची तपासणी तेथेच व्हावी. करोना होऊन गेलेल्या प्रत्येक प्रत्यारोपित रुग्णाची नोंद ठेवून वर्षानुवर्षे पाठपुरावा व्हावा. घरातील इतरांच्या लसीकरणाकडेही लक्ष दिले जावे, कारण ज्याची स्वतःची ढाल दुबळी, त्याला भोवतालच्यांचीच ढाल असते.

या मागण्यांसाठी मोर्चा निघणार नाही, कारण हे रुग्ण गर्दीत येऊ शकत नाहीत. त्यांच्या वतीने बोलणे, हे म्हणूनच आपले काम आहे.