इंजेक्शनचा ब्रँड बदलला, आता काय?

आजचा एपिसोड थोडा पर्सनल आहे.

मला आमवात आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. "हा म्हाताऱ्यांचा आजार ना?" असं विचारणार असाल, तर मी २९ वर्षांची आहे. यात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. गोळ्यांनी भागेना, तेव्हा टीबीची तपासणी करून डॉक्टरांनी अ‍ॅडालिमुमॅब सुरू केलं. दर पंधरा दिवसांनी ४० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन.

मी घेते ते मूळ औषध नाही, बायोसिमिलर आहे. अ‍ॅडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर २०१४ मध्ये आपल्याच देशात आलं. हे औषध जिवंत पेशींकडून बनवून घेतात. विरजणासारखं समजा. दोन घरचं दही तंतोतंत एक नसतं, आणि एकाच घरचंही रोज तेच नसतं. तसंच मूळ औषधाच्याही बॅचमध्ये बारीक फरक असतो. प्रश्न एवढाच, की त्या फरकाने परिणाम बदलतो का.

गेल्या पावसाळ्यात मेडिकलवाला म्हणाला, "ताई, तो ब्रँड संपलाय. हा घ्या, सेमच आहे." घेतला. चौथ्या दिवशी सकाळी बोटं आखडली. डोक्यात एकच, नवीन औषध लागू पडत नाही. पुढचा डोस मी घेतलाच नाही. घरीही कुणाला सांगितलं नाही.

तीन आठवड्यांत मनगट असं सुजलं की कुकरचं झाकण उघडेना. डॉक्टरांनी २८ सांधे एकेक दाबून पाहिले. सीआरपी वाढलेला. त्या म्हणाल्या, "डोस चुकवलास हे पक्कं. ब्रँडचा दोष आहे का, ते नियमित घेऊन बघू." तोच नवीन ब्रँड सुरू ठेवला. तीन महिन्यांत सूज उतरली, सीआरपी नॉर्मल.

पण एकटीच्या अनुभवावर जाऊ नका. नॉर्वेत इन्फ्लिक्सिमॅब या औषधावर अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये छापून आला. ४८२ पेशंट, त्यात आमवाताचेही. निम्म्यांना बायोसिमिलर दिलं, पण कुणाला काय मिळतंय ते सांगितलं नाही. बदललेल्यांपैकी ३० टक्के जणांचा आजार वाढला, न बदललेल्यांपैकी २६ टक्के. हा फरक आधी ठरवलेल्या मर्यादेच्या आत होता. यातला २६ चा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. काही न बदलताही चौघांतल्या एकाचा त्रास वाढतोच! मग बदलल्यावर दुखलं, की दोष नव्या खोक्यावर.

शिवाय नोसिबो असतो. वाईट होणार असं मनात बसलं की त्रास जाणवतो. दुखणं खोटं नसतं, कारण वेगळं असतं.

युरोपच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं, की तिथे मंजूर झालेली बायोसिमिलर एकमेकांच्या जागी वापरता येतात. पण हे तिथल्या मंजुरीबद्दल आहे. आपल्याकडे काउंटरवर परस्पर बदल करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.

आणि हो, प्रत्येक खोक्याचा फोटो काढा, ब्रँड आणि बॅच नंबर दिसेल असा. पेन नवीन असेल तर वापरायचं कसं ते शिकून घ्या. औषध २ ते ८ अंशात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. त्रास वाढला तर डोस बंद करू नका, तपासून घ्या.

माझं मनगट आता बरं आहे. कुकर मीच उघडते. घरात कुणाला आमवात असेल, तर हा एपिसोड त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात!