'मर्देका' : एका शब्दाचे देशांतर
(सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळात दिलेले भाषण)



१७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्णो यांनी जाकार्तामध्ये इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याची घोषणा वाचून दाखविली. त्या छोट्याशा मसुद्यात स्वातंत्र्याला 'कमर्देकाआन' म्हटले आहे. मागचापुढचा प्रत्यय काढला की उरतो 'मर्देका', म्हणजे स्वतंत्र.

हा शब्द मूळचा संस्कृत 'महर्द्धिक'. महा अधिक ऋद्धी. गणपतीच्या पूजेत आपण जिला सिद्धीबरोबर आळवितो, तीच ही ऋद्धी. संस्कृतात अर्थ होता मोठ्या वैभवाचा, सामर्थ्याचा धनी. प्राचीन जावानी भाषेत 'महर्द्धिक' म्हणजे ज्ञानी, पुण्यशील पुरुष झाला. पुढे जावात पवित्र स्थळांची देखभाल करणाऱ्या करमुक्त गावांना 'पर्दिकान' म्हणू लागले. आपल्याकडील देवस्थान इनामांची येथे आठवण व्हावी. असा थोरपणाचा शब्द हळूहळू बंधमुक्तीचा झाला.

डच अमदानीत बटाव्हियातील दास्यमुक्त लोकांना 'मारडायकर' म्हणत. त्यांत भारताच्या किनाऱ्यांवरून गुलाम म्हणून नेलेल्यांचे वंशज पुष्कळ होते. नाव ऐकून कोणाला मर्ढेकर आठवतील, परंतु ते साम्य केवळ योगायोगाचे! विचार करण्याजोगे आहे ते निराळेच. वैभवशाली पुरुषाचे विशेषण बेडी तुटलेल्या गुलामाला लाभले, आणि त्याच अर्थाने ते अखेर साऱ्या राष्ट्राचे झाले.

'स्वतंत्र' हा शब्दही त्या भाषेत पोहोचला होता. १९५७ च्या कायद्यात स्वायत्त प्रदेशांना 'स्वतंत्र' हेच विशेषण आहे. पण लोकांच्या ओठी घोषणा होऊन आला तो 'मर्देका'च. ३१ ऑगस्ट १९५७ रोजी क्वालालंपूरमध्ये तुंकू अब्दुल रहमान यांनी सात वेळा जो शब्द उच्चारला, तोही हाच.

अशा वेळी 'हा तर आमचाच शब्द' असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. बीज येथले असेल. झाड त्या मातीत वाढले, आणि त्याला पाणी घालणारे हातही तिथलेच.

मित्रहो, घरापासून दूर राहिलेल्या आपणांस हे उमजणे कठीण नाही. आपल्या मुलांच्या मराठीत येथल्या बोलीचे शब्द आणि हेल मिसळतात, म्हणून आपण खंतावतो. शब्द दूर गेला की त्याचे रूप पालटणारच. तो जिवंत आहे की नाही, एवढेच पाहावे. मुले मराठीत भांडत असतील, हसत असतील, तर पन्नास वर्षांचे हे कार्य सार्थकी लागले असे मी समजेन.